घाट, गवा आणि खिसा : सातारा-सांगलीत सायकलने स्वतंत्र फिरण्याचा हिशेब

पुण्याहून एसटीने साताऱ्याला यायचं, यवतेश्वरचा घाट चढून कासला जायचं, पुढे बामणोलीला उतरून कोयनेच्या काठी मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी परत फिरायचं. सायकल स्वतःची असेल तर या दोन दिवसांना माणशी दोन ते अडीच हजार रुपये पुरतात. हाच प्रवास हजारात उरकणारेही भेटतात. ते मुक्काम गाळतात. पहाटे अंधारात निघतात, दिवसभर पळतात आणि परतीचा घाट अंधारात उतरतात. त्यांनी वाचवलेले पैसे म्हणजे उजेडाचे पैसे. या दोन जिल्ह्यांत बिबट्याची मादी उसाच्या फडात पिल्लं घालते आणि गव्यांचा कळप भर रस्त्यात उभा राहतो. इथे सायकलस्वाराला उजेडाइतकी मोलाची दुसरी गोष्ट नाही. खर्चाचा विचार मी तिथूनच सुरू करते.

पुढचे दर लिहितानाच्या बाजारभावाचे आणि ढोबळ आहेत. हंगामात, विशेषतः कासच्या फुलांच्या दिवसांत, मुक्कामाचे दर दीडपट होतात. वन विभागाची शुल्कंही बदलत असतात. निघण्यापूर्वी एक फोन करून खात्री करा.

कुठल्या रस्त्याला काय भेटतं

दोन्ही जिल्ह्यांचा पश्चिमेकडचा कडा म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये तो जाहीर झाला. क्षेत्र सुमारे ११६५ चौरस किलोमीटर. सातारा आणि सांगलीबरोबर कोल्हापूर आणि रत्नागिरी जिल्ह्यांतही तो पसरला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये चांदोलीत कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला आणि २०२५ मध्ये ताडोबाकडून वाघीण आणून इथे सोडली गेली. सायकलवरून वाघ दिसेल या आशेने मात्र निघू नका. गाभा क्षेत्रात सायकल घेऊन फिरता येत नाही आणि यायलाही नको. सायकलस्वाराच्या वाट्याला येतात ते या जंगलाच्या कडेचे रस्ते. तिथे गवा, भेकर, सांबर, रानडुक्कर, वानर, मोर भेटतात. झाडी दाट असेल तर शेकरू दिसतं. क्वचित अस्वलही आडवं जातं.

सातारा-कास-बामणोली हा यातला सगळ्यांत देखणा रस्ता. समर्थ मंदिराच्या चौकातून यवतेश्वरचा घाट लागतो. सातारा शहर सातशे मीटरच्या आसपास, कास पठार बाराशेच्या आसपास, म्हणजे पंचवीस किलोमीटरमध्ये पाचशे मीटरची चढण. ती बहुतेकांना जमते. हिशेब चुकतो तो पुढे. कासवरून बामणोलीला उतरताना पुन्हा जवळपास तेवढीच उंची खाली जाते, कारण शिवसागर जलाशयाची पूर्ण पातळीच समुद्रसपाटीपासून ६५९ मीटरवर आहे. जाताना हा उतार सुखाचा वाटतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच छातीवर येतो. दुपारचं जेवण बामणोलीत करून निघालात तर कासच्या माथ्यावर दिवस कलतो आणि गवे चरायला बाहेर पडण्याची वेळ नेमकी तीच. म्हणून परतीला सकाळी साडेसात-आठला, चांगलं उजाडल्यावर निघावं आणि दुपारपर्यंत साताऱ्यात यावं.

सांगलीच्या बाजूने चांदोलीकडे जाणारा रस्ता पेठनाका, शिराळा, शेडगेवाडी, आरळा असा मणदूर-वारणावतीपर्यंत जातो. वारणेचं खोरं, हिरवी भातशेती, पुढे ऊस, मग जंगल. चढ कासइतके कठीण नाहीत, पण साठेक किलोमीटरचं अंतर एका दिवसाला भरपूर आहे. इथेही मुक्काम धरूनच बेत आखा. शिराळा आणि कराड या तालुक्यांत बिबट्या आता जंगलापेक्षा उसात जास्त राहतो. आडोसा, पाणी, उंदीर-घुशी, भटकी कुत्री असं सगळं त्याला फडातच मिळतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तोडणी सुरू झाली की त्याचं घर मोडतं आणि मादी पिल्लांना घेऊन जागा बदलत राहते. त्या काळात फडालगतच्या रस्त्याने संध्याकाळी जाऊ नका. कोणत्या शिवारात बिबट्या आहे हे तिथल्या शेतकऱ्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं, कारण शेतीपंपाची वीज रात्री आली की पाणी द्यायला त्यालाच जावं लागतं. चहाच्या टपरीवर, सोसायटीच्या ओट्यावर विचारा. लोक मनापासून सांगतात आणि त्याला एक रुपयाही पडत नाही.

तोडणीच्या दिवसांतला दुसरा धोका जनावराचा नाही. ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, वर ऊस, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर धुळीने झाकलेले. अंधारात पुढे काय आहे हे अगदी जवळ गेल्याशिवाय समजत नाही. कराड, वाळवा, पलूस, कडेगाव या भागांतले कारखाने सुरू झाले की रात्रभर ही वाहतूक चालते. अंधारात सायकल न चालवण्याचं हे बिबट्यापेक्षाही मोठं कारण आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

सांगलीचा कृष्णाकाठ सपाट आणि नवख्या माणसाला सोपा. सांगलीहून भिलवडी, औदुंबर, अंकलखोप करत पुढे ताकारी-देवराष्ट्रेकडे सागरेश्वरला पोचता येतं. सागरेश्वर हे माणसाने उभं केलेलं अभयारण्य. उघड्या बोडक्या टेकड्यांवर धों. म. मोहिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाडं लावली, कुंपण घातलं, हरणं आणून सोडली आणि १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र जेमतेम ११ चौरस किलोमीटर, पण सांबर, चितळ, काळवीट, मोर हमखास दिसतात. लहान मुलांना घेऊन पहिलीच सायकल सहल करायची असेल तर मी डोळे झाकून हे नाव सांगेन. पायथ्याशी सागरेश्वराची जुनी मंदिरं आहेत आणि जवळच देवराष्ट्रेत यशवंतराव चव्हाणांचं जन्मघर. आत सायकल कुठवर नेऊ देतात ते प्रवेशद्वारावर विचारून घ्या.

या सोप्या रस्त्यावरचं सगळ्यांत गंभीर जनावर मात्र पाण्यात आहे. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ, डिग्रज, हरिपूर या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत आणि त्यांनी माणसं ओढून नेल्याच्या घटना घडल्या आहेत. थंडीत त्या ऊन खायला वाळूवर येतात. पुलावरून किंवा उंच काठावरून पाहाव्यात. घाम गाळून आलेल्या माणसाला घाटाच्या पायऱ्यांवर हातपाय धुवायचा मोह होतो. तो टाळा. बाटली भरायची तर मंदिरातल्या नळावर भरा. पाणी शांत आणि गढूळ असेल तर त्यात काय आहे हे काठावरून कळत नाही.

पूर्वेचा माळ हा वेगळाच मुलूख. खटाव तालुक्यात मायणी, येरळवाडी, सूर्याचीवाडी या तलावांवर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. २०२१ मध्ये या परिसराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. आटपाडी, जत, कवठेमहांकाळच्या माळावर लांडगा, खोकड, ससा, चिंकारा. मिरजेहून एका दिवसात दंडोबाचा डोंगर होतो, तिथे मोर भरपूर. इथे सावली कमी, दुकानं लांब, ऊन कडक. फेब्रुवारीनंतर माळावर जाऊ नये. माणशी तीन-चार लिटर पाणी सोबत हवंच. खर्चाच्या बाबतीत हा सगळ्यांत स्वस्त भाग आहे, दिवसाला तीनशे रुपयांतही भागतं.

सायकल आणि सोबतचं सामान

सायकल घ्यायची घाई करू नका. गिअरची बरी हायब्रीड किंवा एमटीबी पंधरा ते पंचवीस हजारांना येते. वर्षातून दोनदाच फिरणार असाल तर भाड्याने परवडते. पुण्यासारख्या शहरात गिअरच्या सायकलचं भाडं दिवसाला साधारण तीनशे ते सहाशे, शिवाय अनामत रक्कम. भाड्याची सायकल घेताना रंग आणि कंपनी पाहू नका. सर्वांत लहान गिअर लागतो का, दोन्ही ब्रेक पूर्ण दाबल्यावर चाक जागेवर थांबतं का आणि टायरला चिरा आहेत का, एवढं तपासा.

सातारा-सांगलीच्या घाटांत पैसे ब्रेकवर घालावेत. साध्या ब्रेकचे रबर जोडीला शंभर-दोनशे, डिस्कचे पॅड दोनशे ते चारशे. निघण्याआधी सर्व्हिसिंग केलं तर आणखी चारशे ते आठशे. बामणोलीच्या उताराला वळण संपताच समोर म्हशी असतात, गाई असतात आणि कधी गवा असतो. जनावर दिसल्यावर थांबता आलं नाही तर बाकीचे सगळे सल्ले फुकट आहेत. ओल्या रस्त्यावर ब्रेक उशिरा लागतो, म्हणून पावसाळ्यात वेग अर्ध्यावर ठेवा.

हेल्मेट हजार ते अडीच हजार. पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा मिळून सातशे ते पंधराशे. रिफ्लेक्टरचं जाकीट दीडशे-दोनशे. अंधारात चालवायचं नसलं तरी दिवे हवेत, कारण पंक्चर झालं की वेळापत्रक कोलमडतं आणि कासवर धुकं दिवसाही उतरतं. जादा ट्यूब दोन (प्रत्येकी दीडशे ते तीनशे), पंक्चरचं किट शंभर, हातपंप चारशे ते सातशे. रस्त्यावरचा पंक्चरवाला तीस ते साठ रुपयांत काम करतो, पण कास ते बामणोलीच्या दरम्यान तो भेटेल असं धरू नका. आणि तुमच्या ट्यूबचा वॉल्व्ह बारीक, प्रेस्टा जातीचा असेल तर मोटरसायकलचा पंप त्याला बसत नाही. त्याचा पितळी ॲडॅप्टर पन्नास रुपयांना मिळतो, तो वॉल्व्हवरच लावून ठेवा.

घंटी मात्र हवीच. शंभर रुपयांची साधी पितळी घंटी. गाडीचा आवाज जनावरांना लांबून कळतो, सायकल मात्र न वाजता जवळ जाते आणि दचकलेलं जनावर अंगावर येतं. अस्वलाच्या बाबतीत तर हा फरक जिवाचा आहे. दाट झाडीच्या वळणावर घंटी वाजवत जावं, सोबत कुणी असेल तर बोलत जावं.

प्राणी पाहायचेच असतील तर दुर्बीण घ्या. चांगली तीन ते आठ हजारांना येते, पण मित्रमंडळींत एक पुरते. फोनवर फोटो काढण्यासाठी जनावराच्या जवळ जावं लागतं. दुर्बिणीला लागत नाही. पैशाच्या बदल्यात मिळणारं हे अंतर मला फार मोलाचं वाटतं.

येणं-जाणं

साध्या एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्याला साधारण दहा रुपये. त्यामुळे स्वारगेट ते सातारा दोनशेच्या आसपास. महिलांना अर्धं तिकीट आणि ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत. सायकलचं सामानाचं तिकीट वेगळं काढावं लागतं. पूर्वी टपावर सायकल बिनबोभाट जायची. आता बऱ्याच गाड्यांना वर कॅरिअरच नसतं, मग वाहकाच्या मर्जीवर आणि मागच्या डिकीच्या मापावर भिस्त. सकाळच्या पहिल्या, कमी गर्दीच्या गाडीने जावं, पुढचं चाक काढून ठेवावं आणि आधी विचारावं.

पुणे-मिरज लोहमार्ग या सहलींसाठी सोन्यासारखा आहे. सातारा, कराड, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी, सांगली, मिरज ही स्टेशनं आपल्या रस्त्यांच्या अगदी जवळ पडतात. जनरलचं तिकीट पुण्याहून साताऱ्याला शंभराच्या आत. सायकल सामानाच्या डब्यात टाकायची तर पार्सल ऑफिसात किमान तासभर आधी पोचा आणि मोठं स्टेशनच निवडा. लहान स्टेशनवर गाडी दोन मिनिटं थांबते, तेवढ्यात सायकल उतरवणं जमत नाही. पार्सलचं शुल्क आणि हमालाचे मिळून दोनशे-तीनशे धरा. एक लक्षात ठेवा, सातारा स्टेशन शहरात नाही, माहुलीच्या बाजूला सहा-सात किलोमीटरवर आहे. सायकल हाताशी असल्याने रिक्षाचे पैसे वाचतात, पण रात्रीच्या गाडीने उतरलात तर पहाटेपर्यंत स्टेशनवरच थांबा.

मुक्काम, जेवण आणि शुल्क

कास, बामणोली, तापोळा, कोयनानगर, वारणावती या पट्ट्यात घरगुती राहण्याची सोय माणशी आठशे ते दीड हजारात होते. दोन वेळचं जेवण आणि सकाळचा नाश्ता त्यातच. तंबूचा दरही जवळपास तेवढाच. मी घरगुती मुक्कामच सुचवेन. भिंत आणि दार असतं, सायकल आत घेता येते आणि घरातली माणसं काल कुठे अस्वल दिसलं हे सांगतात. स्वतःचा तंबू टाकून पैसे वाचवायचे असतील तर तो कुणाच्या तरी अंगणात, परवानगी घेऊन टाका. पाणवठ्याच्या काठी टाकू नका, रात्री तिथे सगळं जंगल पाण्यावर येतं. आणि तंबूत खाऊ ठेवू नका.

रस्त्यावरचं खाणं स्वस्त आहे. चहा दहा, वडापाव पंधरा-वीस, मिसळ साठ ते शंभर, झुणका-भाकरीचं ताट सव्वाशे ते दोनशे. उसाच्या पट्ट्यात रसवंतीचा ग्लास वीस रुपयांना, तेवढ्यावर दहा-पंधरा किलोमीटर सहज निघतात. पिशवीत साताऱ्याचे कंदी पेढे किंवा सांगलीचं भडंग असलं तर कुठेही अडत नाही. फक्त ते डब्यात, झाकण लावून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज यवतेश्वर, महाबळेश्वरच्या माकडांना बरोबर कळतो. हातातून खाऊ ओढून घेणारं माकड आधी कुणीतरी हाताने भरवलेलं असतं.

कासच्या फुलांच्या हंगामात, ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, प्रवेशाला शुल्क आणि ऑनलाइन नोंदणी लागते. अलीकडच्या हंगामांत ते माणशी शंभर ते दीडशे रुपये होतं. दिवसाला किती माणसं सोडायची यावर मर्यादा असते, त्यामुळे शनिवार-रविवार टाळा. परिसरातल्या गावांची समिती ही व्यवस्था पाहते, पावती घेतलेली बरी. २०१२ पासून हे पठार युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. फुलांत सायकल आडवी टाकून फोटो काढणं हा तिथला अपराधच मानावा.

बामणोलीहून वासोट्याला जायचं असेल तर सायकल गावात ठेवून लाँचने जावं लागतं. भाडं बोटीमागे असतं, साधारण तीन-चार हजार, वन विभागाचं शुल्क वेगळं. एकट्या माणसाला ते झेपत नाही. सकाळी लवकर धक्क्यावर जाऊन दुसऱ्या गटात जागा मागा, मग चारशे-पाचशेत काम होतं. चांदोलीची जीप सफारीही अशीच गाडीमागे दर असलेली, म्हणून चार-सहा जण जमवावेत. व्याघ्र प्रकल्पातलं पर्यटन पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, बंद असतं. सागरेश्वरचं प्रवेश शुल्क किरकोळ आहे.

रोख पैसे ठेवा. बामणोली, मणदूरच्या बाजूला रेंज जाते आणि फोनवरून पैसे देणं अडतं. माणशी दोन हजार, त्यातले निम्मे सुटे.

दोन दिवसांच्या कास-बामणोलीचा ताळेबंद असा बसतो : एसटी जाऊन-येऊन चारशे आणि सायकलचं तिकीट शंभरेक, मुक्काम जेवणासह बाराशे, वाटेतलं खाणं तीनशे, शुल्क दीडशे. बेरीज साडेएकवीसशे. सायकल भाड्याची असेल तर दोन दिवसांचे आठशे-हजार वाढवा. कृष्णाकाठची एक दिवसाची सहल, सांगलीकर असाल तर, दोनशे-अडीचशेत होते.

जनावर समोर आलं तर

गवा वजनाने हजार किलोपर्यंत जातो आणि तो सहसा माणसाच्या वाटेला जात नाही. कळप रस्ता ओलांडत असेल तर पन्नास मीटर आधीच थांबा, सायकलवरून उतरा, शांत उभे राहा. पहिला गेला म्हणून निघू नका, मागे वासरं असतात. एकटा नर जास्त बेभरवशाचा. त्याने मान खाली घातली, फुरफुरला, आडवा वळून अंग दाखवू लागला की पाठ न दाखवता मागे सरका. हॉर्न, ओरडणं, दगड यातलं काही नको. वीस मिनिटं थांबावं लागलं तर थांबा. त्यासाठीच तर दिवस मोकळा ठेवलेला असतो.

बिबट्या दिसला तर पळू नका आणि वाकू किंवा बसू नका. सायकलवरून उतरून ताठ उभं राहा, सायकल मध्ये धरा, मोठ्या आवाजात बोला, सावकाश मागे जा. सोबत मूल असेल तर त्याला उचलून घ्या. फडात पिल्लं सापडली तर हात लावू नका, मादी जवळपासच असते. वन विभागाला कळवा, १९२६ हा त्यांचा टोल फ्री क्रमांक. ते पिल्लं तिथेच ठेवून मादीची भेट घडवून आणतात आणि ते काम माणसांच्या गर्दीत होत नाही.

अस्वल अगदी जवळ, अचानक भेटलं तर सर्वांत वाईट. त्याच्यावर उपाय आधीचाच, आवाज करत जाणं. करवंदं-जांभळं पिकतात त्या दिवसांत झाडीत शिरू नका. गडांच्या कड्यांवर आग्या मोहोळ असतं. अत्तर, धूर, आरडाओरडा टाळा. आणि रस्त्यावर साप आडवा असेल तर त्याला जाऊ द्या. फुरसं आणि घोणस हे उन्हाने तापलेल्या रस्त्यावर संध्याकाळी येऊन पडतात. चाकाखाली घेतला तर तो उसळून पायाला चावू शकतो.

प्रत्यक्षात सायकलस्वाराला सर्वाधिक त्रास गावकुसाच्या कुत्र्यांचा. जोरात पायडल मारलं की ती जास्त पेटतात. उतरा, सायकल मध्ये ठेवा, चालत पुढे जा. त्यांची हद्द संपली की ती फिरतात.

चावलं, लागलं, तर पैसे कोण देतं

कुत्रा, माकड, कोल्हा काहीही चावलं किंवा ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. सरकारी दवाखान्यात रेबीजची लस मोफत मिळते. खासगीत एका डोसला साडेतीनशे-चारशे, असे पाच डोस (त्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी). जखम खोल असेल तर जखमेत सीरमही द्यावं लागतं. बाहेर ते हजारांत जातं. सहल संपली म्हणून पुढचे डोस चुकवू नका, ते आपल्या गावातही घेता येतात.

साप चावला तर आवळून बांधू नका, चिरू नका, चोखू नका. पाय हलू न देता १०८ ची रुग्णवाहिका बोलवा. सर्पदंशावरचं औषध सरकारी रुग्णालयात मोफत असतं. साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय, कराडचं वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय, सांगलीचं वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही नावं कागदावर लिहून ठेवा. खासगीत याच औषधाच्या दहा-वीस कुप्या लागल्या की बिल काही हजारांवर जातं.

वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाला तर राज्य शासन वारसांना २५ लाख रुपये देतं. कायमचं अपंगत्व आलं किंवा जखम झाली तर वेगळी मदत आहे. वाघ, बिबट्या, अस्वल, गवा, रानडुक्कर, लांडगा, तरस, मगर हे सगळे त्या यादीत आहेत. अट एक आहे, घटनेची खबर ४८ तासांच्या आत जवळच्या वन अधिकाऱ्याला किंवा पोलीस ठाण्यात द्यायला हवी. जखमी माणसाला दवाखान्यात नेणाऱ्या धावपळीत हे राहून जातं, म्हणून गटातल्या एकाने तेवढंच काम अंगावर घ्यावं. दवाखान्यातली नोंद आणि पंचनाम्याची प्रत जपून ठेवा. ही मदत भीक नाही, ती नागरिकाच्या हक्काची आहे.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये. १८ ते ७० वयाच्या बँक खातेदाराला अपघाती मृत्यूसाठी दोन लाखांचं संरक्षण मिळतं. सर्पदंशही त्यात बसतो, मात्र दवाखान्याची तातडीची नोंद हवी. सहलीला निघण्याआधी हप्ता कापला गेला आहे का ते पासबुकात पाहा. मोटारगाडीने ठोकरलं तर २०२५ पासून केंद्राच्या योजनेत दीड लाखापर्यंतचे उपचार सात दिवस रोख न भरता मिळतात, पोलिसांना ११२ वर कळवणं मात्र आवश्यक.

उलट बाजूचा खर्चही माहीत असू द्या. परवानगीशिवाय अभयारण्यात शिरणं, प्राण्याला छेडणं हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण गुन्ह्याचा दंडच एक लाख रुपयांपर्यंत गेला. जंगलाच्या आडरस्त्याने पाच किलोमीटर वाचवण्याची ही किंमत कुणालाही परवडणार नाही.

पैसे कमीच असतील तर दिवस कमी करा, सागरेश्वर किंवा दंडोबावर समाधान माना. मुक्काम गाळून कास-बामणोली करू नका. निघताना १९२६, १०८ आणि ११२ हे तीन क्रमांक कागदावरही लिहून घ्या, आणि आज कुठे पोचणार ते घरी आणि मुक्कामाच्या ठिकाणी वेळेसह सांगून ठेवा.